गाडीत बसलेला कोच

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, सुरुवातीलाच कबुली देतो. इतकी वर्षं पुण्यात राहून गोल्फचं मैदान मी पाहिलं ते येरवड्याच्या रस्त्यावरून जाता जाता, तेवढंच. खेळ म्हणून गोल्फशी माझा संबंध शून्य. वकिली करताना एकदा दिव्यांगांच्या हक्कांविषयीचे निकाल चाळत होतो, त्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा २९ मे २००१चा एक निकाल हाती लागला. पीजीए टूर, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फ स्पर्धांची मालिका चालवणारी संस्था, विरुद्ध मार्टिन नावाचा एक खेळाडू. देशातल्या सर्वांत वरच्या नऊ न्यायाधीशांपुढे प्रश्न होता: गोल्फ म्हणजे नक्की काय? चेंडू मारणं, की चेंडू मारून त्याच्यामागे चालत जाणं?

निकाल वाचला, मजा वाटली, बाजूला ठेवला. बऱ्याच वर्षांनी कळलं की त्यातला मार्टिन एका विद्यापीठाचा गोल्फ कोच झाला आणि त्याच्या मुलांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. तेव्हा मी पुन्हा शोधायला बसलो. आज सांगायचंय ते त्या कोचविषयी. पण आधी खटला सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही.

केसी मार्टिन १९७२चा, ऑरेगन राज्यातल्या युजीन गावचा. जन्मापासून उजव्या पायात दोष. त्या विकाराचं नाव लांबलचक आहे, क्लिपेल-ट्रेनॉने-वेबर. सोप्या भाषेत सांगायचं तर पायातलं रक्त हृदयाकडे नीट परत जात नाही. पाय सुजतो, ठणकतो, हाड आतून झिजत जातं. चालताना पाय मोडण्याची भीती, रक्तस्रावाची भीती, आणि एक दिवस पाय कापावा लागेल ही टांगती तलवार लहानपणापासूनच. अशा मुलानं खेळ निवडला तो चार-पाच तास, पाचेक मैल चालायला लावणारा. आपल्या घरातला मुलगा असता तर आपण त्याला कॅरमपुढे बसवलं असतं.

पोरगा चांगला निघाला. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संघात गेला, १९९४ साली त्या संघानं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. पुढच्या मोसमात त्याच संघात एक नवा मुलगा आला, टायगर वुड्स. कॉलेजच्या गोल्फमध्ये खेळाडूनं चालायचं आणि आपली पिशवी आपणच वाहायची, असा नियम. पाय बिघडत गेला तसं मार्टिनला चालवेना. तेव्हा विद्यापीठांच्या क्रीडासंघटनांनी त्याच्यापुरता नियम बाजूला ठेवला आणि कार्ट, म्हणजे मैदानावर फिरायची छोटी गाडी, वापरू दिली. खळखळ नाही, खटला नाही. १९९५च्या राष्ट्रीय स्पर्धेत स्टॅनफर्ड आणि ओक्लाहोमा स्टेट बरोबरीत राहिले. सांघिक विजेतेपदासाठी जादा होल, म्हणजे चेंडू खळग्यात घालण्याचे जादा टप्पे, खेळवण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि त्यात स्टॅनफर्ड हरलं. वुड्स असूनही.

पुढे मार्टिन व्यावसायिक झाला आणि गाडं अडलं. टूरची पात्रता स्पर्धा तीन टप्प्यांची. पहिल्या दोन टप्प्यांत कार्ट चालत असे, तिसऱ्यात नाही. ज्येष्ठ खेळाडूंच्या टूरवर चालत असे, मुख्य टूरवर नाही. म्हणजे चालणं हा खेळाचा आत्मा. पण हा आत्मा सोयीप्रमाणे आत-बाहेर करणारा! मार्टिन कोर्टात गेला. खटला युजीनच्याच संघीय न्यायालयात चालला. तात्पुरता हुकूम हाती असताना जानेवारी १९९८मध्ये त्यानं टूरच्या दुय्यम मालिकेतली एक स्पर्धा जिंकली आणि जून महिन्यात यूएस ओपन या गोल्फच्या मोठ्या स्पर्धेत संयुक्त तेविसावा आला.

टूरच्या बाजूनं साक्ष द्यायला कोण? जॅक निकलॉस आणि आर्नल्ड पामर. आपल्याकडे क्रिकेटच्या खटल्यात गावसकर आणि कपिल देव एकाच बाजूनं उभे राहिले तर काय होईल, तसं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की थकवा हा खेळाचाच भाग आहे. आणि मंडळी, हे म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. पायी जाण्याचं मोल आपल्याला कुणी शिकवायला नको. आळंदीहून चालत गेलेल्याला आणि एसटीनं पंढरपूर गाठलेल्याला विठोबा एकच भेटतो, पण गावात कुणाच्या पाया पडतात ते आपल्याला ठाऊक आहे.

न्यायालयानं सात विरुद्ध दोन असा कौल मार्टिनच्या बाजूनं दिला. न्या. स्टीव्हन्स यांचं निकालपत्र वाचनीय आहे. अठरा होल चालून जेमतेम ५०० कॅलरी खर्च होतात, म्हणजे एका बिग मॅक बर्गरपेक्षाही कमी, हे त्यात नोंदवलंय. शिवाय मार्टिन कार्टमध्ये बसूनही धडधाकट खेळाडूपेक्षा जास्त थकतो, कारण चेंडूपर्यंतची शेवटची पावलं, उतार, वाळूचे खड्डे हे सगळं त्याला पायावरच करावं लागतं. विरोधी मत न्या. स्कॅलियांचं, आणि ते भलतंच खुमासदार. तिरंदाजीच्या सरावात व्यत्यय येतो म्हणून १४५७ साली स्कॉटलंडच्या राजानं गोल्फवर बंदी घातली होती. तेव्हाच ओळखायला हवं होतं की हा विषय एक दिवस आमच्यापुढे येणार, अशा थाटात त्यांनी सहकाऱ्यांची खिल्ली उडवलीय. जाता जाता सांगतो, आपल्या २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातही वाजवी सोयीची कल्पना आहे. तिच्यावर एवढं चविष्ट भांडण आपल्याकडे झालेलं मी तरी वाचलेलं नाही.

खटला जिंकला, पण पाय काही निकालपत्र वाचत नाही. २००० साली मार्टिन मुख्य टूरवर पूर्ण मोसम खेळला, तिथलं स्थान टिकवता आलं नाही. मग दुय्यम मालिका, दुखणं, घसरण. तिशी ओलांडता ओलांडता माणूस बेकार होण्याच्या बेतात होता. कायद्याच्या पुस्तकात नाव अजरामर आणि हातात काम नाही, ही अवस्था कशी असते हे अशिलांचे चेहरे पाहिलेला माणूसच जाणे.

२००६ साली ऑरेगन विद्यापीठानं त्याला पुरुष संघाचा मुख्य कोच नेमलं. गाव तेच, युजीन.

आता कॉलेजचा गोल्फ कोच करतो काय, हे जरा बघू. आपल्या डोळ्यांपुढे जिमखान्याचे सर येतात, शिट्टी गळ्यात अडकवलेले. तिकडचं गणित वेगळं. त्या काळात पहिल्या श्रेणीच्या पुरुष गोल्फ संघाला मिळून साडेचार शिष्यवृत्त्या असत. हो, साडेचार! मुलं आठ-दहा. म्हणजे कोचचा निम्मा जीव वाटणीत: याला अर्धी, त्याला पाव, आणि तिसऱ्याच्या वडिलांना फोनवरून समजवायचं की यंदा पुस्तकांपुरतंच जमेल. भावकीची शेतजमीन वाटणाऱ्या तलाठ्याला हे काम लगेच समजेल. उरलेला जीव मुलं हेरण्यात. शाळकरी पोरांच्या स्पर्धांना जायचं, बापाच्या धाकाखाली खेळणारा कोण आणि एकटा असताना बरा खेळणारा कोण, ते पाहायचं.

स्पर्धेच्या दिवशी पाच खेळाडू पाच वेगवेगळ्या होलांवर. मोठ्यांच्या गोल्फमध्ये खेळाडूला सल्ला द्यायचा तर तो त्याचा कॅडी, म्हणजे पिशवी वाहणारा मदतनीसच, देऊ शकतो. कॉलेजच्या गोल्फमध्ये कोचला मैदानावर सल्ला द्यायची मुभा आहे. त्यामुळे कोणत्या घटकेला कुणाजवळ असायचं हाच कोचचा खरा फटका. आणि गंमत पाहा, या कामात कुणी त्याच्याकडे थकव्याची परीक्षा मागत नाही. वेळेवर पोचला की झालं. इतकी वर्षं ज्या गाडीपायी त्याच्यावर बोट दाखवलं गेलं, ती इथे नुसतं वाहन झाली.

म्हणजे प्रत्येक वेळी झाली असंही नाही. २०१३ साली मुलं हेरायला तो कनिष्ठ गटाच्या एका पात्रता फेरीला गेला. अमेरिकी गोल्फ संघटनेच्या माणसानं त्याला सांगितलं, प्रेक्षकांना कार्ट चालत नाही, उतरा. ज्याच्या नावाचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, त्याला! संघटनेनं नंतर माफी मागितली. त्याआधी वर्षभर, वयाच्या चाळिशीत, तो स्वतः पुन्हा एकदा यूएस ओपनला पात्र ठरला होता, कार्टसह. पहिल्या दोन दिवसांनंतर बाद झाला, पण कोचची नोकरी करणारा माणूस तिथवर पोचतो हे मला त्याच्या कॉलेजातल्या यशाइतकंच मोठं वाटतं.

आणि मग २०१६. राष्ट्रीय स्पर्धा नेमकी युजीन कंट्री क्लबवर, जिथे मार्टिन लहानाचा मोठा झाला. या मैदानाची एक गोष्ट सांगायलाच हवी. १९६७ साली रॉबर्ट ट्रेंट जोन्स यांनी ते चक्क उलटं फिरवलं. जिथून पहिला फटका मारायचा तिथे ग्रीन, म्हणजे खळग्याभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, आलं आणि जुन्या ग्रीनच्या जागेवरून पहिला फटका मारायचा. असो. २००९पासून या स्पर्धेत आधी फटक्यांची बेरीज होते, मग वरचे आठ संघ समोरासमोर, पाच विरुद्ध पाच. अंतिम फेरीत गाठ टेक्सासशी. पुढे जगात पहिला आलेला स्कॉटी शेफ्लर त्यांच्याकडे होता. मात्र त्यांचा हुकमी खेळाडू ब्यू हॉस्लर उपांत्य सामन्यात खांदा दुखावून बसला, त्यामुळे त्याची लढत न खेळताच ऑरेगनला मिळाली. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही, नशीब होतंच. तरीही गाडी दोन-दोनवर अडकली. एकच जोडी मैदानावर उरली: ऑरेगनचा सुलमान रझा आणि टेक्सासचा टेलर फंक. अठरा होल संपले, बरोबरी. एकोणीस, वीस. एकविसाव्या होलवर रझानं सामना संपवला. हा रझा युजीनचाच मुलगा. वैयक्तिक विजेतेपदही ऑरेगनच्या एरन वाइजनं घेतलं होतं. गोल्फमधलं त्या विद्यापीठाचं हे पहिलं राष्ट्रीय सांघिक विजेतेपद. पुढच्याच वर्षी तो संघ पुन्हा अंतिम फेरीत गेला, ओक्लाहोमाकडून हरला.

ऑक्टोबर २०२१मध्ये मार्टिनचा उजवा पाय कापावा लागला.

एक चिठ्ठी आलीय ती वाचतो. ‘वुड्सचाही पाय गेला होता ना? त्यानं कार्ट घेतली का?’ चांगला प्रश्न. पाय गेला नव्हता, पण त्याच वर्षी फेब्रुवारीत मोटार अपघातात मोडला होता, तोही उजवाच. टूरच्या स्पर्धेत कार्ट घेणार का, असं विचारल्यावर त्यानं साफ नाही म्हटलं आणि २०२२ची मास्टर्स ही मोठी स्पर्धा चारही दिवस लंगडत, चालत पूर्ण केली. माझा त्याला नमस्कार आहे. मात्र त्याआधी डिसेंबरात ऑरलँडोला, मुलाबरोबर बाप-लेकांच्या स्पर्धेत खेळताना, तो कार्टमधूनच फिरला. तिथे कार्ट चालते. तसा नियमच आहे.