एच-इंडेक्स म्हणजे सरासरी नाही हो!

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न धो-धो आलाय: मॉलिक्युलर बायॉलॉजीत पीएचडी करायची, तर गाइडचा एच-इंडेक्स किती असावा? इथे वडोदऱ्यात, दांडिया बाजारात आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंनी तर मला जिन्यातच गाठलं. "अरे, माझ्या मुलीच्या सरांचा पाच आहे म्हणे. म्हणजे वर्षाला पाचच पेपर का रे?"

नाही काकू. पेपर म्हणजे छापलेलं संशोधन, आणि दुसऱ्याने आपल्या पेपरात त्याचा हवाला दिला की ते झालं सायटेशन. एवढं सगळ्यांना माहीत आहे, पुढे जाऊ.

एच-इंडेक्स सुचवला जॉर्ज हर्श यांनी, 2005 मध्ये. गडी भौतिकशास्त्राचा, पण डोकेदुखी सगळ्यांच्या वाट्याला आली. इंडेक्स 5 म्हणजे किमान पाच पेपर असे, की प्रत्येकाला किमान पाच सायटेशन आहेत; सहा पेपरांना प्रत्येकी सहा मिळाली की तो 6. (स्क्रीनवर यादी) हे बघा, एका काल्पनिक संशोधकाचे आठ पेपर. सायटेशन उतरत्या क्रमाने: 310, 42, 17, 9, 6, 5, 2, 0. आता वरून मोजत या. पाचव्या पेपरला 6, म्हणजे पाचाला पुरले. सहाव्याला 5, सहाला पुरत नाहीत. थांबा. एच-इंडेक्स 5.

सरासरी काढली तर येते 49च्या आसपास. कुठे 49, कुठे 5! तरी कमेंटमध्ये भागाकार करणारे आहेतच.

बरं, पहिल्या पेपरचे 310चे 3000 करा. इंडेक्स किती? पाचच! केसभरही हलत नाही.

आता ते 3000 विसरा आणि सहाव्या पेपरला फक्त एक सायटेशन द्या, 5चे 6. झाला ना सहा? वर हजारो ओतून जे झालं नाही, ते खाली एका हवाल्याने झालं. म्हणून म्हणतो, नुसता आकडा ऐकू नका, यादी उघडा. त्या पाचामागे 310वाला पेपर आहे की सगळे सहा-सात सायटेशनवाले, हे आकडा सांगत नाही.

एकाने छातीठोक लिहिलंय, "सगळ्यात जास्त सायटेशन डीएनएच्या दुहेरी सर्पिलाला असणार." दादा, 2014 मध्ये नेचर या विज्ञानाच्या जर्नलने सर्वाधिक सायटेशनच्या 100 पेपरांची यादी छापली, त्यात दुहेरी सर्पिल मांडणारा वॉटसन-क्रिकचा 1953चा पेपर नाहीच! पहिला होता लोरींचा, 1951चा, प्रथिनं मोजायच्या पद्धतीवर, तीन लाखांहून जास्त सायटेशन. एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला फोलिन नावाचं रसायन घातल्यावर नळीत निळा रंग चढतो ना? तीच पद्धत. दुसरा लेम्लींचा, जेलमध्ये प्रथिनं वेगळी करण्याचा; तिसरा ब्रॅडफर्ड यांचा, तोही प्रथिनं मोजण्याचा. तिन्ही पद्धतीचेच. पद्धत वापरली की हवाला द्यावाच लागतो.

आणि ते "सरांचा इम्पॅक्ट फॅक्टर" म्हणणं बंद करा बरं! तो जर्नलचा असतो, सरांचा नाही: जर्नलच्या मागच्या दोन वर्षांतल्या पेपरांना त्या वर्षी सरासरी किती सायटेशन मिळाली, तो आकडा. ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका ए या जर्नलचा फॅक्टर दोनच्या आसपास असायचा, 2009 मध्ये जवळपास 50 झाला. कशामुळे? शेल्ड्रिक यांच्या एका सॉफ्टवेअरवरच्या पेपरमुळे. त्याच जर्नलात बाकी ज्यांचे पेपर होते, ते काय रातोरात पंचवीसपट हुशार झाले?

व्यंकी रामकृष्णन यांच्याबद्दलही विचारलंय. आपल्या वडोदऱ्याचे, सयाजीराव विद्यापीठातून 1971चे बीएस्सी, तेही फिजिक्स. रायबोसोम, म्हणजे पेशीत प्रथिनं बनवणारं यंत्र, त्यावरच्या कामासाठी 2009चं केमिस्ट्रीचं नोबेल. त्यांचा इंडेक्स सोडा, 2000 सालचा नेचरमधला 30एस, म्हणजे रायबोसोमच्या लहान भागाचा, पेपर काढा. पहिलं नाव विम्बर्ली, शेवटचं रामकृष्णन. आपल्या विषयात बहुधा हाताने प्रयोग करणारा पहिला, लॅब चालवणारा शेवटचा. मधली नावं? कुणी खरंच राबलेलं असतं, कुणाचं नुसतं मशीन वापरलेलं असतं. इंडेक्स मात्र सगळ्यांना सारखंच मोजतो. म्हणून गाइडचे पेपर बघताना शेवटचं नाव त्यांचं किती वेळा आहे ते बघा, आणि पहिलं नाव विद्यार्थ्यांचं येतं का तेही बघा. काकू, हे मुलीला नक्की सांगा.

गूगल स्कॉलर, स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या सायटेशन मोजणाऱ्या साइट एकाच माणसाचे तीन आकडे दाखवतात, त्यावरून भांडू नका. आणि आडनाव जोशी किंवा पाटील असेल, तर प्रोफाइलमध्ये भलत्याच जोश्यांचे पेपर घुसलेत का बघा. ऑर्किड (ORCID) नंबर, म्हणजे प्रत्येक संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक, असला तर शोधणं सोपं.

आपापल्या गाइडची यादी हाताने मोजून आकडा कमेंटमध्ये टाका. फक्त आकडा हं, नाव नको! मागे एकाने नाव टाकलं, आणि खाली सर स्वतःच उत्तर द्यायला हजर.