किनाऱ्यावरच्या चिखलाची कैफियत

नमस्कार, श्रोतेहो.

ओहोटीला समुद्र मागे सरला की काही किनाऱ्यांवर वाळू दिसतच नाही. नजर जाईल तिथवर काळपट चिखल, आणि वर सडक्या अंड्यांसारखा वास. तिथे फिरायला कोण जाणार? म्हणून तर अशी जागा कागदोपत्री 'पडीक' ठरवून टाकणं फार सोपं जातं.

हा चिखल येतो मुख्यतः नद्यांच्या गाळातून. चिकणमातीचे कण अतिशय बारीक. त्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे गोड्या पाण्यात ते एकमेकांना दूर ढकलत तरंगत राहतात. खाडीत खारं पाणी मिसळलं की मीठ हा दुरावा मोडतं. कण चिकटतात, गुठळ्या होतात आणि जड होऊन तळाशी बसतात. मात्र पाणी संथ हवं. लाटा थेट आदळतात तिथे गाळ टिकत नाही.

बसलेला गाळ पुढच्या भरतीत वाहून का जात नाही? ओहोटीला वाकून पाहा. चिखलावर सोनेरी-तपकिरी झाक दिसेल. ती डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालांची. ती चिकट द्रव सोडतात आणि वरचा थर बांधून ठेवतात. बोटभर उकरलं की खाली काळा थर लागतो. तिथे ऑक्सिजन नाही. त्याच्याविना जगणारे जीवाणू हायड्रोजन सल्फाइड बनवतात, तोच तो वास. ऑक्सिजन नसल्यामुळेच गाडला गेलेला पाला अगदी सावकाश कुजतो आणि त्यातला कार्बन शतकानुशतकं तिथेच अडकून राहतो.

थरावर थर चढून जमीन उंचावली की सॅलिकॉर्निया, स्पार्टिना अशा मीठ सोसणाऱ्या वनस्पती रुजतात. त्यांच्या देठांत पाण्याचा वेग मोडतो, आणखी गाळ बसतो. झाली खारी दलदल तयार. वादळी लाटांचा जोर किनाऱ्याआधीच ती बराचसा जिरवते.

आता संकटं. धरणांत गाळ अडला की या जमिनीची रसदच तुटते. त्याहून थेट घाव भिंतीचा. दक्षिण कोरियात पिवळ्या समुद्राकाठी सेमांगम इथे सुमारे ३३ किलोमीटरच्या समुद्रभिंतीची टोकं २००६ मध्ये जोडली गेली आणि सुमारे ४०० चौरस किलोमीटरचा पट्टा समुद्रापासून तुटला. चिखलातले शिंपले खाऊन पुढच्या प्रवासाची ताकद मिळवणारे ग्रेट नॉट हे स्थलांतरी पक्षी त्यानंतर तिथे कमालीचे रोडावले. पिवळ्या समुद्राच्या या किनाऱ्यांना त्यांच्यासाठी पर्याय नाही.

भिंत चिखलावर नसून मागे असली, तरीही ती घातकच. समुद्राची पातळी वाढते तशी दलदल जमिनीकडे सरकू पाहते. मागे बांध असला की तिला जागाच उरत नाही. पुढून पाणी, मागून दगड. माझ्या मते हा धोका सर्वात कमी बोलला जातो, कारण बांध घालणाऱ्याचा हेतू किनारा वाचवण्याचाच असतो.

इंग्लंडमध्ये वॉलसी बेटावर दलदलीला जागा द्यायला २०१५ साली मुद्दाम बांध फोडून भरतीला आत घेतलं. पण नुसतं फोडून भागलं नसतं. बांधाआडची जमीन वर्षानुवर्षं गाळाविना राहून खचली होती. समुद्र तसाच आत घेतला असता तर दलदल नव्हे, तळं झालं असतं. म्हणून लंडनखालच्या रेल्वे बोगद्यांची तीसेक लाख टन माती आणून आधी ती उंच करावी लागली.