काळाभोर पडदा आणि काळी अक्षरं

श्रोतेहो, नमस्कार.

टीव्हीच्या शोरूममध्ये सगळ्यात महागडा पडदा कुठे लावलेला असतो, ते कधी पाहिलंय? बहुतेक ठिकाणी आतल्या बाजूला, जिथे दिवे मंद केलेले असतात. त्यावर बातम्या नसतात. काळ्याकुट्ट पाण्यात तरंगणारी जेलीफिश असते, रात्रीचं शहर असतं, आतषबाजी असते. विक्रेता म्हणतो, "साहेब, ब्लॅक बघा, ब्लॅक." आपण बघतो आणि गार होतो. त्या पडद्यावर कुणी सातबाराचा उतारा उघडून दाखवल्याचं मात्र माझ्या ऐकिवात नाही.

माझं आजचं म्हणणं त्याबद्दलच आहे. पडद्यावरचा काळा रंग आणि पडद्यावरचं रेखीव अक्षर या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. एक चांगली असली म्हणजे दुसरी चांगली असेलच असं नाही. आणि मराठी वाचणाऱ्याला दुसरीची गरज इंग्रजी वाचणाऱ्यापेक्षा थोडी जास्तच पडते. का, ते पुढे सांगतो.

आधी काळ्याचं बघू. काळा रंग पडद्याला दाखवता येत नाही, कारण काळा प्रकाश नावाची वस्तूच नाही. पडदा एक तर प्रकाश निर्माणच करत नाही, नाहीतर झालेला अडवतो. सगळा फरक इथून सुरू होतो.

जुना फुगीर काचेचा टीव्ही आठवा. तो बंद असताना त्याची काच कशी दिसायची? काळी नाही, राखाडी, जराशी हिरवट. आतल्या बाजूला फॉस्फरचा फिकट थर असायचा आणि खोलीतला उजेड त्यावरून परत यायचा. म्हणजे दिवसाउजेडी त्या टीव्हीत त्या राखाडीपेक्षा काळं काही दिसणं शक्यच नव्हतं. तरी चित्रातले केस आपल्याला काळेच वाटायचे, कारण शेजारचा पांढरा सदरा झगझगीत असायचा. पुढे कारखानदारांनी काचच गडद केली. त्यातली युक्ती छान होती. आतला प्रकाश गडद काचेतून एकदाच बाहेर येतो, पण खोलीतला उजेड आत जाताना एकदा आणि परत येताना एकदा, असा दोनदा गाळला जातो. चित्र थोडं मंद झालं, पण काळा बराच सुधारला.

मग एलसीडी आला. एलसीडीचा पडदा स्वतः उजळत नाही. मागे दिवा सतत चालू असतो आणि पुढचे द्रवस्फटिक तो प्रकाश ठिपक्याठिपक्याला सोडतात किंवा अडवतात. दुपारी खिडकीला कितीही जाड पडदा लावला तरी कुठून ना कुठून उजेड झिरपतोच, तसंच हे. आयपीएस नावाच्या पॅनेलमध्ये, म्हणजे आज बहुतेक ऑफिसांत असतात त्या मॉनिटरमध्ये, पांढरा हा काळ्याच्या साधारण हजारपट उजळ असतो. व्हीए नावाच्या पॅनेलमध्ये तीन हजारपट किंवा त्याहून जास्त. हजार हा आकडा ऐकायला मोठा वाटतो. पण रात्री खोलीतले दिवे घालवा, मोबाइलवर किंवा मॉनिटरवर नुसतं काळं चित्र पूर्ण पडदाभर उघडा. आयपीएस असेल तर कोपऱ्यांत धुरकट उजेड पसरलेला दिसेल. तोच तो झिरपलेला प्रकाश.

यावर उपाय म्हणून मागच्या दिव्याचे तुकडे केले. मिनी-एलईडी म्हणून जे टीव्ही विकतात त्यात मागे शेकडो, काहींत हजाराहून जास्त विभाग असतात आणि चित्राचा जो भाग काळा, तिथला दिवा मंद होतो. कल्पना उत्तम. पण हिशोब करा. फोर-के पडद्यावर जवळपास ८३ लाख पिक्सेल असतात. हजार विभाग धरले तर एका विभागाच्या वाट्याला आठ हजारांवर पिक्सेल आले. काळ्या दृश्याखाली पांढरं सबटायटल उमटलं की त्या अक्षरांमागचा अख्खा विभाग उजळतो आणि शब्दांभोवती ढगासारखा उजेड दिसतो. सिनेमाच्या शेवटची श्रेयनामावली अशा टीव्हीवर अंधारात बघा, लगेच कळेल.

मध्ये काही वर्षं प्लाझ्मा नावाच्या जातीचे टीव्ही होते. त्यातले पायोनियर कंपनीचे कुरो टीव्ही २००७ साली आले आणि नुसत्या काळ्या रंगासाठी नावाजले गेले. २००९ मध्ये कंपनीने टीव्हीचा धंदा सोडत असल्याचं जाहीर केलं. काळा उत्तम आहे म्हणून माल खपतोच असं नाही, हे त्यांनी महाग किंमत मोजून शिकून घेतलं.

आणि ओएलईडी. ईस्टमन कोडॅक कंपनीत चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ साली सेंद्रिय पदार्थांच्या पातळ थरांतून, कमी दाबाच्या विजेवर लख्ख उजेड काढून दाखवला. तिथून आजच्या ओएलईडीची वाट सुटली. सोनीचा ११ इंची टीव्ही २००७ साली बाजारात आला. इथे मागे दिवाच नाही. प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो, आणि काळा हवा असेल तिथे विझतो. विझला म्हणजे विझला, झिरपायला काही उरतच नाही. जाहिरातीत कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढरा काळ्याच्या किती पट उजळ ते प्रमाण, 'अनंत' लिहितात ते खोटं नाही. फक्त ते अंधाऱ्या खोलीत खरं असतं.

कसं ते सांगतो. पडद्याचा उजेड निट या एककात मोजतात. समजा पांढरा ३०० निट आहे. आयपीएसचा काळा मग ०.३ निट आणि ओएलईडीचा शून्य. आता ट्यूबलाइट लावा. साध्या उजेडाच्या खोलीत पडदा स्वतःवर पडलेला थोडासा प्रकाश आपल्याकडे परत फेकतो. तो दोन निट धरू. हे दोन निट दोन्ही पडद्यांवर सारखेच चढतात. आयपीएसचं प्रमाण झालं ३०२ भागिले २.३, म्हणजे सुमारे १३०. ओएलईडीचं ३०२ भागिले २, म्हणजे सुमारे १५०. हजार आणि अनंत यांच्यातली दरी एका ट्यूबलाइटने बुजवून टाकली! ज्याच्या घरी हॉलमध्ये दिवसभर उजेड असतो आणि टीव्हीवर मुख्यतः मालिका आणि मॅच चालते, त्याने नुसत्या काळ्यासाठी किती पैसे जास्त द्यायचे ते या आकड्यांवर ठरवावं. क्यूडी-ओएलईडी जातीच्या अनेक पडद्यांना तर बाहेरचा उजेड शोषणारा पोलरायझरचा थरच नसतो, त्यामुळे उजेडात त्यांचा काळा जांभळट राखाडी दिसतो. रात्री तोच पडदा अप्रतिम.

आता अक्षरांकडे येऊ.

घड्याळजी डोळ्याला लावतो तसलं भिंग मिळालं तर एलसीडी मॉनिटरच्या पांढऱ्या पानावर धरा. पांढरं काही दिसणारच नाही. लाल, हिरवी, निळी, पुन्हा लाल, हिरवी, निळी अशा उभ्या काड्या ओळीने दिसतील. तीन काड्या मिळून एक पिक्सेल. मायक्रोसॉफ्टने १९९८ साली क्लिअरटाइप नावाचं अक्षरं रेखीव दाखवण्याचं तंत्र जाहीर केलं ते या काड्यांच्या जोरावर. पिक्सेल अख्खा चालू-बंद करण्याऐवजी त्यातली एक-एक काडी वापरायची. त्यामुळे अक्षराची उभी कड पिक्सेलच्या तिसऱ्या हिश्शाइतक्या बारकाईने सरकवता येते. इंग्रजीतला एल, आय, एम बघता बघता सुबक झाला.

पण काड्या उभ्या आहेत, म्हणून फायदा आडव्या दिशेनेच. आपला काना सुधारतो. शिरोरेषा आडवी, तिला यातलं काहीच मिळत नाही. चोवीस इंची फुल एचडी मॉनिटरवर इंचाला साधारण ९२ पिक्सेल बसतात. नेहमीच्या आकाराच्या मजकुरात शिरोरेषा जेमतेम एका पिक्सेलएवढी जाड होते. ती पिक्सेलच्या ओळीवर नेमकी बसली तर ठीक, दोन ओळींच्या मध्ये आली तर एका काळ्या रेषेऐवजी दोन राखाडी रेषा. शिवाय वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार यांना जागा द्यायची म्हणून देवनागरीत मूळ अक्षराच्या वाट्याला त्याच उंचीत कमी पिक्सेल येतात. 'वर्षांत' हा शब्द घ्या. 'र्षां'वर रफार आणि अनुस्वार शेजारी शेजारी दाटीवाटीने बसतात. बारीक टायपात त्या दोघांचा एक काळा ठिपका होतो आणि वर्षात की वर्षांत ते संदर्भावरून ओळखावं लागतं. विंडोज २००० बरोबर आलेला मंगल फॉन्ट सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी रचला. तो आज जरा मोकळाढाकळा दिसतो म्हणून आपण नाकं मुरडतो. पण त्या काळच्या पडद्यांवर इतक्या मोजक्या ठिपक्यांत जोडाक्षरं वाचता येणं हेच मोठं काम होतं.

घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, या जोड्या पाहा. फरक किती? शिरोरेषेतली एक छोटी फट आणि एखादी गाठ. फट एका पिक्सेलची असली आणि पिक्सेल पुसट झाला, की 'बिल उद्या भरतो' हा निरोप 'बिल उद्या मरतो' असा पोचू शकतो. पडदा तपासायला यापेक्षा चांगला मजकूर मला सुचत नाही.

ओएलईडीची गडबड इथे होते. त्याच्या ठिपक्यांची मांडणी बहुधा वेगळी असते. एलजीच्या टीव्ही पॅनेलमध्ये तीन रंगांबरोबर चौथा पांढरा ठिपका असतो. क्यूडी-ओएलईडीच्या बऱ्याच पॅनेलमध्ये त्रिकोण असतो, हिरवा वर, लाल आणि निळा खाली. क्लिअरटाइप मात्र उभ्या काड्या गृहीत धरून चालतं. पांढऱ्या पानावर काळी शिरोरेषा घ्या. रेषेच्या लगेच वर जी पांढरी ओळ आहे तिचा खालचा भाग लाल-निळा, म्हणून रेषेच्या वरच्या कडेला जांभळट गुलाबी छटा. रेषेच्या लगेच खालच्या ओळीचा वरचा भाग हिरवा, म्हणून खालच्या कडेला हिरवट छटा. इंग्रजी मजकुरात आडव्या रेषा तुटक, इथे तिथे. मराठीत शब्दच्या शब्द एका आडव्या रेषेला टांगलेले. त्यामुळे ही रंगीत झालर आपल्याला ओळभर दिसते. परदेशी परीक्षणांत 'मजकूर थोडा रंगीत दिसतो' असं एका वाक्यात उरकलेलं असतं, ते मराठी वाचणाऱ्याने जरा गांभीर्याने घ्यावं.

मग मोबाइल तर बहुतेक ओएलईडीच, तिथे का दिसत नाही? दाटीमुळे. २०१० च्या सुमाराच्या ओएलईडी फोनवर दिसायचं. पेनटाइल मांडणीत एका पिक्सेलला तीनऐवजी दोनच ठिपके असायचे आणि अक्षरांच्या कडा करवतलेल्या वाटायच्या. त्याच वर्षी आयफोन ४ इंचाला ३२६ पिक्सेल घेऊन आला. आज चारशेच्या पुढचे फोन सर्रास मिळतात. पेनटाइल अजूनही आहे, डोळ्याला ती दिसत नाही एवढंच. ॲपलने २०१८ साली मॅकवरून काड्यांची ही युक्ती काढून टाकली ती याच भरवशावर. दाट पडद्यांवर ती लागत नाही. ज्यांचा मॅक साध्या मॉनिटरला जोडलेला होता, त्यांना अक्षरं एका रात्रीत पुसट झाल्यासारखी वाटली.

डार्क मोडबद्दल दोन वाक्यं. व्हीए आणि ओएलईडी दोन्हींत पूर्ण काळ्यातून बाहेर यायला ठिपक्याला किंचित वेळ लागू शकतो, त्यामुळे काळ्या पानावरचा मजकूर भराभर वर सरकवला की अक्षरांमागे डाग ओढल्यासारखा दिसतो. पार्श्वभूमी पूर्ण काळीऐवजी गडद राखाडी केली की तो बराच कमी होतो.

किंडलसारख्या ई-इंकच्या पडद्याचं या सगळ्यात वेगळंच आहे. त्याचा काळा काळा नसतोच, गडद राखाडी असतो. पांढरा आणि काळा यांचं प्रमाण दहा-पंधराच्या घरात. हजार, तीन हजार, अनंत असले आकडे ऐकल्यावर हे क्षुल्लक वाटेल. तरी लोक त्यावर तासन् तास कादंबऱ्या वाचतात. तिथे पांढरे-काळे कण खरोखरच पृष्ठभागाशी येऊन थांबतात, खोलीतला उजेड वैरी न होता कामाला येतो, आणि रंगीत काड्या नसल्यामुळे झालरही नाही. २००७ च्या पहिल्या किंडलमध्ये इंचाला १६७ ठिपके होते, आता ३०० असतात. मराठी जोडाक्षरांसाठी हा फरक फार मोठा आहे.

आता खरेदीचं. पडद्यावर मुख्यतः सिनेमे आणि तेही रात्री बघणार असाल तर ओएलईडी घ्या, बिनदिक्कत. दिवसाचे आठ तास मराठीत टायपिंग, प्रूफं, कार्यालयीन कागद असं काम असेल तर इंचाला किती पिक्सेल ते आधी विचारा. सत्तावीस इंची फोर-के मॉनिटरवर १६३ बसतात, तेवढे पुष्कळ झाले, मग साधा आयपीएस असला तरी बिघडत नाही. ओएलईडीच हवा असेल तर उभ्या काड्यांच्या मांडणीचा मिळतो का ते बघा. तसे बनू लागले आहेत. आणि टीव्हीच मॉनिटर म्हणून वापरणार असाल तर सेटिंगमध्ये पीसी मोड लावा, नाहीतर रंगाची माहिती अर्धवट पोचते आणि पांढऱ्यावरचं लाल अक्षर फिसकटतं. शार्पनेस नावाचा आकडा वाढवू नका, कमी करा. तो अक्षराला धार देत नाही, कडेभोवती एक पांढरी रेघ ओढतो. बऱ्याच टीव्हीवर तो कारखान्यातूनच चढा आलेला असतो.

आज इथेच थांबतो. नमस्कार.