रात्री कोण उठणार?

माझी मास्तरकीची सगळी नोकरी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात झाली. द्विशिक्षकी शाळा. पहिली ते चौथी, दोन खोल्या, एक व्हरांडा आणि पुढं एक कडुलिंब. आज मला विषय दिलाय ‘शाळा, संस्कार आणि समाज’. तीन शब्द मोठे आहेत. मी आपला व्हरांड्यापुरतं बोलतो.

आमच्याकडं शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं आणि दसऱ्याला फुटतं. दिवाळीच्या आगंमागं ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडं निघाल्या की ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, शेळ्या, कोंबड्या आणि आमचा वर्ग. पटावर नावं तेवढीच, सतरंजीवर निम्मीसुद्धा नाहीत. फडावर नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात. नऊ-दहा वर्षांचं पोर त्या हिशोबात नसतं, पण वाढी म्हणजे उसाचे हिरवे शेंडे गोळा करायला, मोळीला हात लावायला, कोपीत म्हणजे पाचटाच्या झोपडीत धाकट्याला सांभाळायला तेच असतं. मार्च-एप्रिलात पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला की ते परत येतं, तेव्हा हातचा घ्यायचा विसरलेलं असतं.

यावर उपाय झाले नाहीत असं नाही. कारखान्यांच्या आवारात साखरशाळा निघाल्या. नंतर शिक्षण हमी पत्रक आलं, ते दाखवलं की पोराला तिकडच्या शाळेत बसता येतं. आईबाप फडावर गेले तरी पोरं गावात राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहं आली. कागद बरे होते, पण कागद कोपीत चुलीजवळ राहायचा आणि पोर फडात.

आता माझी चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला तिसरीतली एक मुलगी कडेवर भाऊ घेऊन यायची. तो रडायचा, मुतायचा, खडू खायचा. मी एक दिवस म्हणालो, “भावाला घेऊन शाळेत यायचं नाही.” शिस्त लावतोय असं वाटलं मला. ती दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी हजेरीत लाल शाईनं ‘गै’ लिहीत राहिलो आणि वर ‘पालक उदासीन’ असा शेराही मारला.

पुढं कधीतरी एका प्रशिक्षणात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या बालशिक्षणाच्या कामाबद्दल ऐकलं. नावं डी.एड.ला पाठ केली होती, पाच मार्कांसाठी. १९४५ साली डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला त्यांनी काम सुरू केलं. वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तर त्यांनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. १९७५ साली सुरू झालेल्या सरकारी योजनेतून पुढं गावोगाव अंगणवाड्या निघाल्या, त्या शब्दाचं मूळ त्या अंगणात आहे. त्याच्या कितीतरी आधी, १९५७ मध्ये, त्या दोघींचं काम त्याच तालुक्यातल्या कोसबादच्या टेकडीवर गेलं, वारली पाड्यांच्या मधोमध. तिथं मुलं गुरं घेऊन रानात जायची, तर शाळा कुरणात गेली. कुरणशाळा! मोठ्या बहिणी धाकट्यांना सांभाळायला घरी राहायच्या, तर प्राथमिक शाळेला लागूनच बालवाडी आणि पाळणाघर. महागडी साधनं परवडणारी नव्हती, तर शिंपले, बिया, खडे, पानं. यातलं पाळणाघर माझ्या मनाला लागलं. मी जिला हाकललं होतं, तिच्यासाठी त्यांनी माझ्या जन्माआधीच व्यवस्था करून ठेवली होती.

मग मी त्या मुलीच्या घरी गेलो. आजी उंबऱ्यात बसली होती. म्हणाली, “गुरुजी, तुमीच नगं म्हनला ना?” काय उत्तर देणार? दुसऱ्या दिवशी व्हरांड्याच्या आढ्याला जुन्या लुगड्याची झोळी बांधली. एका महिन्यात झोळ्या तीन झाल्या. पाढे म्हणता म्हणता जो जवळ बसेल तो दोरी ओढायचा.

आणि खरं मूल्यशिक्षण त्या झोळीनंच केलं. परिपाठात आम्ही रोज प्रामाणिकपणा, संवेदनशीलता वगैरे म्हणून घ्यायचो, पोरं जांभया द्यायची. पोषण आहाराचा तांदूळ चौथीची मुलं मोजायची. डोई शंभर ग्रॅम, हजर मुलं गुणिले शंभर, किलो-ग्रॅम फळ्यावर. माझं वजनमापाचं अर्धं प्रकरण तिथंच व्हायचं. एक दिवस मावशींनी झोळीतल्या पोरालाही ताटलीत खिचडी दिली. फळ्यापाशी उभा होता तो मुलगा म्हणाला, “गुरुजी, ह्याचं नाव पटावर न्हाई. ह्याचा तांदूळ कुठं धरायचा?” मी गप्प. एक जण म्हणाला, हजेरीत एक वाढवून लिहू. दुसरी म्हणाली, मग ती खोटी हजेरी होईल. बराच वेळ वाद चालला, खिचडी निवली. शेवटी ठरलं की फळ्यावर खरा आकडा राहील आणि आपापल्या ताटातला एकेक घास झोळीवाल्यांचा. मावशी हसल्या, “आरं, एवढ्या पातेल्यात एक पोर जास्त झालं तर पातेल्याला कळत न्हाई.” पण मुलांनी घास काढणं काही सोडलं नाही. त्या दिवशी गणिताचा तास बुडाला, तो मी भरून काढला नाही.

राहिलं दसऱ्याचं. पोरांना गावातच ठेवा, हे सांगायला आम्ही देवळापुढं बैठक घेतली. टोळी जमवणाऱ्या मुकादमालाही मुद्दाम बोलावलं, कारण उचल म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम त्याच्याकडची आणि शब्दही त्याचाच. मी अर्धा तास शिक्षणाचं महत्त्व सांगितलं. माना हलत होत्या. मग मागून एका बाईनं विचारलं, “ते समदं खरं. पर रातीला पोरीला ताप आला तर उठनार कोन?”

माझ्याकडं वसतिगृहाचं अंदाजपत्रक होतं, ताट-वाटी-सतरंजीचा हिशोब होता. या प्रश्नाला रकाना नव्हता. सगळे माझ्याकडं बघत राहिले. मी म्हणालो, आपण नावं लिहू. खडू घेतला आणि शाळेच्या भिंतीवर बाहेरून वार टाकले, सोमवार ते रविवार. कुणी पुढं येईना. गावात म्हाताऱ्याच तेवढ्या मागं राहायच्या, आणि त्यांना कधी कुणी शाळेच्या कामाचं विचारलंच नव्हतं.

मग मुकादमाची आई काठी टेकत उठली. तिला लिहिता येत नव्हतं. भिंतीजवळ येऊन म्हणाली, “सोमवार कुठला?” मी बोट ठेवलं. “हितं माजं नाव टाक. आन् शुक्रवारीबी. मला तसंबी झोप येत न्हाई.”