शंभर टिंबांतली चौपन्न

फळ्यावर मी शंभर टिंबं काढली आहेत. 2021 साली अमेरिकेत बंदुकीच्या गोळीने 48,830 माणसं गेली. ती सगळी या टिंबांत बसवली, तर एक टिंब म्हणजे साधारण 488 माणसं. आता सांगा, यातली आत्महत्येची किती असतील?

चौपन्न. खुनाची त्रेचाळीस. अपघाताचं एक, पोलिसांच्या गोळीचं एक आणि कारण नक्की न झालेलं एक. शाळेत, बाजारात शिरून कुणी बेछूट गोळ्या झाडतो, ती बातमी आपल्या मनात घर करते. पण व्याख्या सैल धरली तरी अशा हल्ल्यांच्या वाट्याला त्रेचाळिसांतली एक-दोनच टिंबं येतात. त्यातला एकेक जीव मोलाचा आहेच. मात्र बंदूक घेणारा माणूस दाराबाहेरच्या परक्याला घाबरून ती घेतो, आणि फळ्यावरची निम्म्याहून जास्त टिंबं दाराच्या आतल्या माणसांची आहेत.

या सगळ्या शंभर टिंबांतल्या मृत्यूंना लोकसंख्येने भागलं, तर हे प्रमाण वर्षाला लाखामागे पंधराच्या आत येतं. बंदूक असलेल्या बहुतेक घरांत काहीही विपरीत घडत नाही, हे मोकळेपणाने मान्य करू. पण ही झाली सगळ्यांची सरासरी. बंदूक घेतल्याने त्या घरात काय बदलतं, हे तिच्यातून कळत नाही.

त्यासाठी कॅलिफोर्नियातला 2020 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास बघा. 2 कोटी 60 लाखांहून अधिक प्रौढांचा 2004 ते 2016 असा मागोवा घेतला. पिस्तूल असलेल्या पुरुषांत बंदुकीने आत्महत्येचं प्रमाण पिस्तूल नसलेल्यांच्या सुमारे आठपट निघालं, स्त्रियांत पस्तीसपट. पट ऐकली की आधी विचारायचं, कशाच्या पट? बंदूक नसलेल्या स्त्रियांत असे मृत्यू फारच थोडे, म्हणून तिथे पट एवढी फुगते. तरीही आठपट ही काही किरकोळ गोष्ट नव्हे.

यावर कुणीही म्हणेल, ज्याने मरायचं ठरवलंय तोच बंदूक घेत असेल. शंका रास्त आहे. खरेदीनंतर लगेचच्या दिवसांत धोका सर्वाधिक होताही. पण पिस्तूल मालकांच्या अशा मृत्यूंपैकी निम्म्याहून थोडे जास्त खरेदीला वर्ष उलटून गेल्यावर झाले. आणि इतर मार्गांनी आत्महत्येचं प्रमाण मालकांत जास्त नव्हतं. ही माणसं मुळातच जिवावर उदार असती, तर तो फरक तिथेही दिसला असता. माझ्या मते या अभ्यासातला हा सर्वांत मोलाचा आकडा आहे, आणि बातम्यांत तो क्वचितच येतो.

जिवाचं बरंवाईट करण्याची ऊर्मी पुष्कळदा थोड्या वेळाची असते. प्रयत्नातून वाचलेल्या दर दहांपैकी नऊ जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत. बंदूक हाताशी असली, की ती वेळ टळायला अवधीच मिळत नाही. इस्रायली सैन्याने 2006 मध्ये जवानांना सुट्टीवर घरी जाताना बंदूक तळावरच ठेवायला लावली. आत्महत्या सुमारे 40 टक्क्यांनी घटल्या, त्याही मुख्यतः सुट्टीच्या दिवसांतल्या.

म्हणून बंदूकवाल्या घरातल्या माणसांना माझी कळकळीची विनंती आहे. बंदूक रिकामी करून कुलपात ठेवा, गोळ्या वेगळ्या कुलपात. आणि घरात कुणी खचलेलं दिसलं, तर त्याच्याशी बोला, मदत मिळवून द्या, आणि त्याच दिवशी कायद्यात बसेल त्या मार्गाने बंदूक घराबाहेर हलवा. तो सावरला, की परत आणता येईल.