रद्दीत न गेलेली पानं

टेबलावर तीन पुस्तकं मांडली आहेत. तिन्हींत अंतराळयानं आहेत, आणि ती सगळी एकाच माणसाच्या हातची. वॉली वुड, अमेरिकी कॉमिक्सचा चित्रकार.

डावीकडे १९५३ सालचा 'वियर्ड सायन्स' या कॉमिकचा अंक. तेव्हाची किंमत दहा सेंट. न्यूजप्रिंट तपकिरी पडलाय, पान उलटलं की कडेचा भुगा बोटाला लागतो. यानाच्या खिडकीतला लाल रंग पाहा, चौकट ओलांडून बाहेर आलाय. चार रंगांचे छपाईचे चार ब्लॉक. त्यातला एक केसभर सरकला की असं होतं.

मधलं पुस्तक मोठं, पुठ्ठा बांधणीचं. आत्ताच पेटीतून बाहेर काढलंय. यात रंग नाहीत, नुसती काळी शाई. पण यानाच्या आत काय काय आहे ते इथे दिसतं: नळ्या, तबकड्या, झडपा, तारांची भेंडोळी. अंकात हे सगळं रंगाच्या ठिपक्यांखाली गाडलं गेलं होतं.

उजवीकडच्या पुस्तकाकडे नंतर येऊ.

ही चित्रं ईसी कॉमिक्सची. कचेरी न्यूयॉर्कच्या लाफायेट स्ट्रीटवर, मालक विल्यम गेन्स. वडील १९४७ साली बोटीच्या अपघातात गेले आणि धंदा मुलाच्या अंगावर पडला. १९५० साली त्याने विज्ञानकथांची दोन द्वैमासिकं सुरू केली, 'वियर्ड सायन्स' आणि 'वियर्ड फँटसी'. खप होता तो भुताखेतांच्या अंकांना. विज्ञानकथा तोट्यात जायच्या. गेन्सने भुतांच्या पैशावर त्या चालू ठेवल्या, कारण त्याचा जीव त्यांच्यात होता.

आता हे पान घडायचं कसं ते बघा, त्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. गेन्स आणि संपादक अल फेल्डस्टीन मिळून कथा रचायचे. फेल्डस्टीन ती थेट कोऱ्या बोर्डावर, म्हणजे चित्राच्या जाड कागदावर, चौकटी आखून, पेन्सिलीने लिहायचा. मग अक्षरं. इथे कॅमेरा जवळ नेलाय, नीट बघा. ही अक्षरं नुसत्या हाताची नाहीत. लेरॉय नावाचं एक साधन होतं, इंजिनिअर लोक नकाशांवर अक्षरं काढायला वापरत. पट्टीतल्या खाचेतून टोक फिरवायचं, की वरच्या बाजूला शाईत तेच अक्षर उमटतं. म्हणजे बोर्ड चित्रकाराच्या हाती यायचा तेव्हा मजकूर आधीच येऊन बसलेला, तोही भरपूर. उरलेल्या जागेत वुडने ही आकाशं बसवली आहेत.

शाई झाली की चित्राच्या फोटोप्रतीवर मरी सेव्हरिन रंग ठरवायची, आणि पान ब्लॉकला जायचं.

ब्लॉक झाला की मूळ चित्राचं काम संपलं. त्या काळच्या कॉमिक्सच्या धंद्यात असे बोर्ड वाटून टाकले जात, कचऱ्यात जात. गेन्सने जवळजवळ सगळे ठेवून घेतले, कुलपात. चित्रकारांना परत दिले नाहीत हेही खरं. पण फेकले नाहीत, आणि माझ्या लेखी ही फार मोठी गोष्ट आहे. प्रत्येक अंकाच्या डझनभर न हाताळलेल्या प्रतीसुद्धा त्याने बांधून ठेवल्या होत्या.

ते बोर्ड पुन्हा उजेडात आणले मिझुरी राज्यातल्या रस कॉक्रनने. पेशाने भौतिकशास्त्राचा प्राध्यापक. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून त्याने पेटीबंद संच काढायला घेतले. ही मधली पेटी त्यातलीच. जुन्या अंकाचा फोटो काढून छापलेलं पुस्तक हे नव्हे. मूळ बोर्ड कॅमेऱ्याखाली ठेवून केलेलं आहे. म्हणून रेघ तुटत नाही.

आणि आता उजवीकडचं. २०१२ साली निघालेलं, पंधरा इंच रुंद, बावीस इंच उंच. बोर्ड जेवढा, तेवढंच पान. छपाई रंगीत, चित्र काळंपांढरं. त्यामुळे कागदाचा पिवळेपणा येतो, निळ्या पेन्सिलीच्या खुणा येतात. या ग्रहाच्या कडेला पांढऱ्या रंगाचा थर दिसतोय? वुडची रेघ चुकली होती, ती त्याने बुजवली.

कॉमिक्समुळे मुलं बिघडतात का, याची चौकशी अमेरिकी सिनेटची एक उपसमिती करत होती. २१ एप्रिल १९५४ ला तिच्यापुढे गेन्सची साक्ष झाली, त्याच वर्षी प्रकाशकांनी कॉमिक्स कोड आणला, म्हणजे काय छापायचं आणि काय नाही याचे स्वतःवरच घातलेले नियम, आणि १९५६ मध्ये ईसीची कॉमिक्स बंद पडली. ईसीचं विनोदी 'मॅड' तेवढं मासिक होऊन तगलं.

ईसीच्या शेवटच्या कॉमिकच्या अंकातली एक कथा मात्र दाखवायची आहे. 'जजमेंट डे', चित्रं जो ऑर्लँडोची. पहिल्यांदा १९५३ साली छापलेली. यंत्रमानवांच्या ग्रहावर पृथ्वीचा एक पाहुणा येतो. नारिंगी यंत्रमानव आणि निळे यंत्रमानव, आतून सारखेच, पण निळ्यांची वस्ती वेगळी, बसमध्ये जागा मागची. पाहुणा सगळं हिंडून बघतो आणि सांगतो, अजून तुमची वेळ आली नाही. यानात परतल्यावर तो हेल्मेट काढतो. तो कृष्णवर्णीय आहे.

१९५६ च्या अंकासाठी ही कथा पुन्हा घेतली, तेव्हा कोडचे प्रमुख न्यायाधीश चार्ल्स मर्फी यांनी या माणसाच्या रंगालाच हरकत घेतली. मग म्हणाले, निदान चेहऱ्यावरचा घाम तरी काढा. गेन्सने काहीही काढलं नाही.

पेटीतला दुसरा खंड उघडतोय. हीच ती चौकट. घामाचे थेंब बघा.