पडद्यावरचा डायनासोर आणि नर्मदेकाठची अंडी

[दृश्य: यावल तालुक्यातलं एक अंगण. सकाळची वेळ. गावठी कोंबडी उकिरडा उकरते आहे.]

या कोंबडीच्या पायाकडे नीट बघा. पुढे तीन बोटं, मागे एक. नडगीवर खवले. दोनदा माती उकरते, एक पाऊल मागे सरकते, मान तिरपी करून एकाच डोळ्याने दाणा हेरते आणि मग चोच मारते. आजच्या शास्त्राप्रमाणे हिला डायनासोरची नातलग म्हणणंही अपुरं आहे. ही डायनासोरच आहे. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीच्या संहारातून जी एक शाखा वाचली, तिची ही लेक.

डायनासोरांवरचा 'ज्युरासिक पार्क' हा इंग्रजी चित्रपट १९९३ साली आला आणि पुढच्या वर्षी हिंदीत बोलू लागला. मामाने मला तो जळगावला नेऊन दाखवला. काही वर्षांनी घरच्या टीव्हीवर लागला, तेव्हा आजी ओसरीवरून आत आली, दोन मिनिटं दारात उभी राहिली आणि म्हणाली, "हाऊ ते मोठा सरडा शे!"

आजीने जे दिसलं ते सांगितलं. १८४२ साली रिचर्ड ओवेन यांनी या प्राण्यांना नाव दिलं, त्याचा अर्थच 'भयंकर सरडा'.

तरीही त्या चित्रपटाचं एक ऋण मान्य करायला हवं. त्याआधीच्या कित्येक चित्रांत आणि चित्रपटांत डायनासोर शेपूट जमिनीवर फरफटत, जडपणे चालायचे. इथे टी-रेक्स या भल्यामोठ्या मांसाहारी डायनासोरची पाठ जमिनीला समांतर होती, शेपूट मागे ताठ, तोल सांभाळणारी. जॅक हॉर्नर हे जीवाश्मशास्त्रज्ञ सल्लागार होते. हे प्राणी पक्ष्यांच्या जवळचे, हे तर चित्रपटातला नायकच सांगतो. आमच्यासारख्या लाखो मुलांनी हे पहिल्यांदा तिथेच ऐकलं.

आता चुका.

[दृश्य: मुलगा गुडघ्याजवळ हात धरून उंची दाखवतो.]

चित्रपटात स्वयंपाकघरात पोरांचा पाठलाग करणारे ते रॅप्टर, म्हणजे व्हेलोसिरॅप्टर हे शिकारी डायनासोर, माणसाएवढे उंच होते. मंगोलियात सापडलेला खरा व्हेलोसिरॅप्टर कमरेपाशी जेमतेम अर्धा मीटर. म्हणजे आपल्या गुडघ्याएवढा. वजन पंधरा-वीस किलो. पडद्यावरचा प्राणी त्याच्या मोठ्या चुलत्यावर, डायनोनिकसवर बेतला होता. नाव मात्र धाकट्याचं लावलं. डायलोफोसॉरसच्या गळ्याभोवती उघडणारी झालर आणि तोंडातलं विष, दोन्हींना काहीच पुरावा नाही. खरा प्राणी सहा मीटर लांब होता, पडद्यावर त्याचं पिल्लू करून टाकलं.

आणि ते प्रसिद्ध वाक्य: हलू नका, म्हणजे त्याला दिसणार नाही. टी-रेक्सचे डोळे पुढे बघणारे होते, दोन्हींची नजर एकत्र जुळणारी, म्हणजे अंतराचा चांगला अंदाज देणारी. मेंदूतला वासाचा भागही मोठा. गप्प उभा राहिलेला माणूस त्याने डोळ्यांनी टिपला असता, नाही तर नाकाने.

त्याची ती डरकाळी हत्तीचं पिल्लू, वाघ आणि मगर यांचे आवाज मिसळून केलेली. आवाज काही दगडात उमटत नाही. पण मगर आणि कित्येक पक्षी तोंड मिटून, छातीतून घुमतात. विहिरीच्या कपारीत पारवा घुमतो ना, तसा आवाज कित्येक टनांच्या देहातून आला तर? मला तरी ती कल्पना डरकाळीपेक्षा जास्त भीतीदायक वाटते.

चित्रपटात डासाच्या पोटातल्या रक्तातून डीएनए काढून डायनासोर पुन्हा जन्माला घालतात, ती गोष्टही टिकत नाही. न्यूझीलंडच्या नामशेष मोआ पक्ष्यांची हाडं तपासून २०१२ साली शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला. तिथल्या हवामानात दर ५२१ वर्षांनी डीएनएचे निम्मे दुवे तुटतात. आजवर मिळालेला सर्वांत जुना डीएनए सुमारे वीस लाख वर्षांचा, तोही ग्रीनलंडच्या गोठलेल्या मातीतला. डायनासोर त्याच्याही तीसपट मागे आहेत.

पण पिसांच्या बाबतीत मी १९९३ च्या लोकांना दोष देणार नाही. पिसांसारखं आवरण असलेला पहिला डायनासोर चीनमधून जगासमोर आला तो १९९६ साली. व्हेलोसिरॅप्टरच्या पुढच्या हाताच्या हाडावर बारीक उंचवट्यांची रांग २००७ मध्ये ओळखली गेली. अनेक पक्ष्यांच्या पंखाच्या हाडावर असेच उंचवटे असतात. मोठी पिसं तिथे रुजतात. जे ठाऊकच नव्हतं ते दाखवायचं कसं? माझी खरी तक्रार याच मालिकेतल्या २०१५ च्या चित्रपटाबद्दल आहे. सगळं ठाऊक असूनही रॅप्टर बोडकेच ठेवले. कथेत सबब दिली, की या प्राण्यांचे जनुकच बदललेले आहेत. अंगभर पिसं दिसली ती २०२२ च्या भागात. मधल्या काळात मुलांची एक अख्खी पिढी सरडाच बघत मोठी झाली, याचं मला वाईट वाटतं.

[दृश्य: साक्रीकडचं माळरान. शेतांमधून दूरवर गेलेली काळ्या दगडाची रांग.]

मग आपल्याकडे काय आहे? धुळे-नंदुरबार भागात अशा दगडी भिंती किलोमीटरच्या किलोमीटर पसरल्या आहेत. त्या कुणी बांधलेल्या नाहीत. जमिनीच्या भेगांमधून लाव्हा वर आला आणि भेगेतच गोठला, तो हा डाइक. आपली कापसाची काळी माती याच लाव्हाच्या दगडाची झीज. ही आग डायनासोरांच्या अखेरच्या काळातली. त्यांच्या अंतात पृथ्वीवर आदळलेल्या अशनीचा वाटा किती आणि या लाव्हाचा किती, हा वाद शास्त्रज्ञांत अजून चालू आहे. हाडं टिकायला मात्र गाळ लागतो, आणि इथे गाळावर लाव्हाचे थरावर थर बसले.

गाळ उघडा पडलेला बघायचा तर शिरपूरहून आग्रा रोड धरायचा. पळासनेर, बिजासन घाट, सेंधवा. खलघाटला नर्मदा ओलांडली की धार जिल्हा.

[दृश्य: चुनखडीच्या खडकात अर्धी रुतलेली गोल अंडी. शेजारी माणसाचा पंजा.]

धार जिल्ह्यातल्या बाग-कुक्षी परिसरातून ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवली गेली. तो अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. अंडी टायटॅनोसॉर या लांब मानेच्या, शाकाहारी डायनासोरांची. आकार नारळाएवढा, पंधरा ते सतरा सेंटिमीटर. घरटी इतकी जवळजवळ, की त्या धिप्पाड माद्यांना मधे उभं राहायलाही जागा नव्हती. अंडी घालून त्या निघून जात असाव्यात. यातल्या एका अंड्याच्या आत दुसरं अंडं सापडलं. असा प्रकार तोवर फक्त पक्ष्यांतच माहीत होता.

याच जिल्ह्यातल्या पाडल्या गावात लोक असे गोल दगड काकड भैरव म्हणून पुजत आले. शेताची आणि गुराढोरांची राखण करणारा देव. आपल्या बांधावरच्या शेंदूर लावलेल्या म्हसोबासारखाच. ती टायटॅनोसॉरची अंडी आहेत, हे तिथे गेलेल्या शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं.

एवढं सगळं असताना आपल्याकडचा एकही प्रसंग मोठ्या पडद्यावर मी अजून पाहिलेला नाही. आणि एक प्रसंग तर तयारच आहे. गुजरातेत ढोली डुंगरी इथे भूशास्त्रज्ञ धनंजय मोहबे यांना १९८० च्या दशकात डायनासोरचं एक घरटं सापडलं. त्यातली काही हाडं सापाची आहेत, हे पुढे कित्येक वर्षांनी उलगडलं. २०१० मध्ये त्या सापाचं नाव ठरलं सनाजेह. साडेतीन मीटर लांब. जबडा अजगराएवढा उघडणारा नव्हता, म्हणून अख्खं अंडं त्याला गिळता येत नसे. तो पिल्लू बाहेर पडायची वाट बघायचा.

[दृश्य: जीवाश्माची प्रतिकृती. कॅमेरा हळूहळू जवळ जातो.]

इथे बघा. फुटलेलं अंडं. त्याच्याभोवती सापाचं वेटोळं. शेजारी नुकतंच बाहेर आलेलं अर्ध्या मीटरचं पिल्लू. शेजारची दोन अंडी अजून न फुटलेली. तेवढ्यात वरून ओल्या मातीचा लोंढा आला असावा. सापाचं डोकं अजून अंड्याच्या कडेला आहे.